पाणी येतंय, मग डोळा कोरडा कसा?

"डॉक्टर, डोळ्यांतून एवढं पाणी वाहतंय, अन् तुम्ही म्हणता डोळे कोरडे पडलेत. हे कसं काय?"

आमच्या गावातील एका निवृत्त शिक्षकांनी हा प्रश्न मला विचारला, त्याला आता चार वर्षे झाली. गावात त्यांना सारे गुरुजी म्हणतात. मीही तसेच म्हणतो. प्रश्न अगदी योग्य होता. तो विचारण्याची वेळ मात्र टळून गेली होती, आणि ती टळण्यात माझाही वाटा होता. वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण साठी-सत्तरी उलटल्यावरही दुचाकी चालवतात. त्याहून अधिक जण मुलाच्या किंवा नातवाच्या मागे बसून बाजाराला, बँकेत, दवाखान्यात जातात. म्हणून हा अनुभव काही न लपवता सांगतो आहे.

मी १९९३ पासून फलटण तालुक्यात वैद्यकीय व्यवसाय करतो. नीरा उजव्या कालव्याच्या खाली ऊस आणि बागायत, वर कोरडे माळ, असा हा मुलूख. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी नि बैलगाड्यांनी भरून जातात. पाऊस सरलेला असतो, हवेतला ओलावा गेलेला असतो, सकाळचे वारे बोचरे असते. ट्रॉलीमागून जाणाऱ्याच्या तोंडावर धूळ आणि पाचटाचे बारीक तुकडे येत राहतात. दर वर्षी या दिवसांत माझ्या दवाखान्यात लाल डोळ्यांची रांग लागते.

गुरुजींचे वय तेव्हा ७१. मधुमेह पंधरा वर्षांचा. आठवड्यातून तीन वेळा ते स्वतः स्कूटर चालवत फलटणला जात. बँकेचे काम असो-नसो, ग्रंथालयात पुस्तक बदलणे हे खरे कारण. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर नेहमीचा चष्मा. हेल्मेटचा विषय निघाला की "आपली गाडी कुठं पळते?" असे म्हणून हसत.

नोव्हेंबरात ते आले तेव्हा हातात रुमाल होता. "गाडीवर बसलं की डोळे गळतात. घरी आल्यावर चुरचुरतात, आत वाळू गेल्यासारखं वाटतं. संध्याकाळी वाचताना अक्षरं पुसट होतात; पापण्या मिटून उघडल्या की पुन्हा नीट दिसतात." आज ही वाक्ये आठवली की वाटते, रुग्णाने निदान स्वतःच सांगून टाकले होते. मी मात्र बॅटरीच्या उजेडात डोळे पाहिले, थोडी लाली दिसली, हंगामातली धूळ आठवली आणि ॲलर्जी ठरवून मोकळा झालो. ॲलर्जीची गोळी महिनाभरासाठी लिहून दिली. पायांची आग होते म्हणून ॲमिट्रिप्टिलीनची एक छोटी गोळी रात्री त्यांना मीच आधीपासून देत होतो. ही औषधे तोंड कोरडे पाडतात, तसेच डोळेही कोरडे पाडू शकतात. थोडक्यात, आटत चाललेल्या विहिरीवर मी आणखी एक पंप बसवला.

जानेवारीत एका सकाळी उसाच्या ट्रॉलीमागून येताना त्यांच्या उजव्या डोळ्यात काहीतरी गेले. पाचटाचे कुसळ असावे. गाडी बाजूला घेऊन त्यांनी रुमालाने डोळा चोळला. घरी पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली फ्रीजमध्ये होती. डोळ्याचेच औषध आहे, वाया कशाला घालवायचे, म्हणून चार दिवस ते थेंब टाकले. त्यांत स्टिरॉइड होते. लाली उतरली, बरे वाटले. दीर्घ मधुमेहात बुबुळाची संवेदना कमी होते, त्यामुळे जेवढे दुखायला हवे होते तेवढे दुखलेच नाही. पाचव्या दिवशी चहा देताना सूनबाईंना त्यांच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला आणि त्या तशाच त्यांना घेऊन माझ्याकडे आल्या.

त्याच दुपारी मी त्यांना पुण्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. बुरशीचा व्रण निघाला. पाल्यापाचोळ्याचा कण लागून बुबुळाला ओरखडा पडला की तेथे बुरशी रुजू शकते, आणि स्टिरॉइड तिला मोकळे रान करून देते. नॅटामायसिनचे थेंब तासातासाला टाकायचे होते. पहिले काही दिवस रात्रीही. सूनबाईंनी घड्याळाचा गजर लावून ते टाकले. अडीच महिन्यांनी व्रण भरला. डोळा वाचला, पण मधोमध फूल राहिले. त्या डोळ्याने समोर माणूस उभा आहे एवढे गुरुजींना कळते. कोण आहे ते कळत नाही.

परत आल्यावर तिथला कागद मी त्यांना वाचून दाखवला. डावा डोळाही फार कोरडा आहे, असे त्यात लिहिले होते. तेव्हा त्यांनी विचारलेला तो प्रश्न.

आता त्याचे उत्तर. डोळ्यांतला ओलावा म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळाला चिकटून एक बुळबुळीत थर असतो, त्यावर पाण्याचा आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडांवरील बारीक ग्रंथींतून येते आणि पापणी मिटली की बुबुळावर पसरते. दुधावर साय धरावी तसे ते पाण्याला झाकून ठेवते, लवकर उडू देत नाही. वय वाढते तसे या ग्रंथींतले तेल घट्ट होते, तोंडे तुंबतात. मुख्य अश्रुग्रंथीही पूर्वीइतकी पाझरत नाही. स्त्रियांना पाळी गेल्यानंतर हा त्रास अधिक जाणवतो. मग हा पातळ पडदा मध्येच फाटतो आणि बुबुळ उघडे पडते. बुबुळात मज्जातंतूंचे दाट जाळे असते. ते धोक्याची घंटा वाजवतात आणि अश्रुग्रंथी, कांदा चिरताना सोडते तसे, एकदम पाणी सोडते. या पाण्यात पुरेसे तेल नसते, चिकटपणा नसतो. पत्र्यावर पडलेल्या पावसासारखे ते ओघळून जाते. त्यातच उतारवयात खालची पापणी सैल पडली असेल, तर पाणी नाकाकडे वाहून नेणारे छिद्र जागेवर राहत नाही आणि गालावर आणखी धारा लागतात. वर पूर, खाली दुष्काळ.

अर्थात, गळणारा प्रत्येक डोळा कोरडाच असतो असेही नाही. अश्रूंची नळी बंद असणे, पापणीचा केस आत वळणे, खरीखुरी ॲलर्जी, अशी इतरही कारणे असतात. त्यांचा निवाडा नेत्रतज्ज्ञ आपल्या यंत्राखाली पाहून करतात. आमच्यासारख्यांनी बॅटरी मारून तो करू नये, हे मी किंमत मोजून शिकलो. आणि किंमत दुसऱ्याने दिली.

आता हा डोळा दुचाकीवर बसवू. हवा अगदी स्तब्ध असली तरी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या तोंडावर ताशी ४० किलोमीटरचाच वारा येतो. पंख्याखाली वाळत घातलेला रुमाल किती लवकर वाळतो ते आपण जाणता. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. टक लावून पाहताना हे प्रमाण घटते, आणि रस्त्याकडे तर टक लावूनच पाहावे लागते. म्हणजे वाळवणारा वारा वाढतो आणि ओलावा पसरवणारी पापणी मंदावते. मग अचानक पाणी येते, रस्ता धूसर होतो, हात डोळ्याकडे जातो. ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. डोळे पुसण्यात दोन सेकंद गेले, तर बावीस मीटर रस्ता आपण न पाहताच कापला. समोर उसाची बैलगाडी असेल, तर तेवढे अंतर पुरेसे आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीला माझ्याकडे जुनी राजदूत होती. रात्री-अपरात्री वाड्या-वस्त्यांवर जायचो, थंडीत डोळ्यांतून धारा लागत, त्या बाहीने पुसत गाडी हाणायचो. वीस-बावीस वर्षे असेच चालले. वडस वाढू लागल्यावर नेत्रतज्ज्ञ मित्राने आरसा हातात दिला: नाकाच्या बाजूने पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा. ऊन, वारा, धूळ यांत आयुष्य काढणाऱ्यांना तो होतो. लोकांच्या डोळ्यातील कुसळे काढणाऱ्याला स्वतःचे मुसळ दिसले नव्हते.

"चष्मा आहे की!" हे उत्तर मला रोज ऐकू येते. वाचण्या-पाहण्याचा नेहमीचा चष्मा समोरून येणारा मोठा कण अडवतो, एवढेच. वारा कडेने, वरून आणि गालाकडून आत शिरतो आणि काचेमागे भोवरा करतो. मागे बसणाऱ्यांची गत तर वेगळीच. आपल्याकडील बहुतेक आजी, मावशी, काकू गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसतात. पाय डावीकडे, तोंड डावीकडे. म्हणजे गाडी ज्या दिशेने चालली ती दिशा त्यांच्या उजव्या हाताला येते. वारा थेट उजव्या कानशिलाकडून, चष्म्याच्या उघड्या बाजूने उजव्या डोळ्यात जातो. एकाच डोळ्याची तक्रार घेऊन आलेल्या आजींना मी आता आधी विचारतो, "गाडीवर कशा बसता?"

यावर पदर ओढून घेणे हा त्यांचा उपाय. पदराने धूळ काहीशी अडते; पण तो वाऱ्याने डोळ्यावर घासतो, आणि त्याचे टोक चाकात अडकण्याची भीती निराळी. तोंडावर मास्क असेल, तर तो नाकाच्या वरच्या बाजूने घट्ट बसलेला हवा. सैल मास्कमधून उच्छ्वासाची हवा वर डोळ्यांकडे जाते, चष्मा धुक्याने भरतो आणि डोळे आणखी वाळतात.

सर्वांत चांगला उपाय काही नवा नाही. तोंडावर पूर्ण काच येणारे, आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट आणि तिची खाली केलेली काच. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने ते चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे. कायदा डोक्यासाठी आहे हे खरे. पण डोळ्यांचे काम तीच काच करते. मागच्या माणसासाठी दुसरे हेल्मेट घेताना कुटुंबे फार हात आखडतात. मुलाकडे भारीचे हेल्मेट आणि मागे वडील उघड्या डोळ्यांनी, हे दृश्य मी दवाखान्याच्या खिडकीतून रोज पाहतो.

काचेच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. गुदमरते म्हणून ती अर्धी उघडी ठेवतात. मग वारा खालून आत शिरून सरळ डोळ्यांवर वळतो. थंडीत काचेवर वाफ धरत असेल, तर गाडी हळू असताना अगदी बारीक फट ठेवावी आणि वेग घेताना बंद करावी. काच कोरड्या फडक्याने पुसू नये. धुळीचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी पाणी, मग मऊ ओले कापड. ओरखडलेल्या काचेतून रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटून पसरतो, आणि ज्यांना मोतीबिंदू सुरू झाला आहे त्यांना तर समोर नुसता उजेडाचा गोळा दिसतो. अशी काच बदलावी. ती सुटी मिळते. काळी काच दिवसा कितीही छान वाटली, तरी संध्याकाळनंतर वापरू नये.

मानेच्या संधिवातामुळे काहींना पूर्ण हेल्मेट जड होते. त्यांनी हलके, पण लांब काचेचे हेल्मेट पाहावे आणि आत डोळ्यांभोवती वळून बसणारा, कडा झाकणारा गॉगल लावावा. नंबरच्या चष्म्यावरून बसतील असे मोठे गॉगल मिळतात. रंगापेक्षा त्यावर अतिनील किरण अडवण्याची खात्री लिहिलेली आहे का, हे पाहावे. ती नसलेला गडद गॉगल घातला की अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट अधिक आत जाऊ शकतात. जत्रेतले गॉगल म्हणून टाळा.

घरच्या माणसांनी काय करावे, हे आता सांगतो. कारण गुरुजींच्या घरी पांढरा ठिपका पाहिला तो सूनबाईंनी.

पहिले काम आजच करा: फ्रीज आणि कपाट उघडून डोळ्यांच्या थेंबांच्या साऱ्या जुन्या बाटल्या बाहेर काढा. बहुतेक बाटल्या उघडल्यानंतर महिनाभरात टाकून द्यायच्या असतात. एकाचे औषध दुसऱ्याला नको. स्टिरॉइडचे थेंब देखरेखीविना टाकत राहिले, तर जंतू फोफावतात, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर पिकतो. लाली घालवून डोळे पांढरेशुभ्र करणारे थेंबही रोजच्यासाठी नाहीत. त्यांचा असर उतरला की डोळे अधिक लाल होतात. मध, गुलाबपाणी, एरंडेल यांविषयी माझे मत विचाराल तर: डोळ्यात नको, स्वयंपाकघरात आणि देवघरात ठीक.

कोरड्या डोळ्यांसाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब असतात. कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज हे त्यांतील नेहमीचे नाव. प्रवासाला निघण्याआधी एक थेंब, पोहोचल्यावर एक. एकाहून जास्त थेंब डोळ्यात मावत नाही, तो गालावरच जातो. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील, तर टिकवण्याचे रसायन नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत, कारण ते रसायनच नाजूक बुबुळाला त्रास देते. काचबिंदूचे थेंब चालू असणाऱ्यांनी कोरडेपणा वाटला तरी ते स्वतःहून बंद करू नयेत. दोन औषधांत पाच-दहा मिनिटांचे अंतर ठेवावे. रात्री कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ कापड मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे धरून हलक्या हाताने पापण्यांच्या कडा चोळाव्यात. घट्ट झालेले तेल सैल होते. मधुमेह्यांचे कापड घरच्या माणसाने आधी आपल्या मनगटावर लावून पाहावे, भाजायला नको.

दुसरे काम: आपल्या वडिलांच्या, आईच्या साऱ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. ॲलर्जीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या अशा कितीतरी गोळ्या डोळे कोरडे करू शकतात. बंद करायच्या की नाहीत, हे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना ते आठवून द्यावे लागते. मलाही कोणी आठवून द्यायला हवे होते.

डोळ्यात कण गेला तर गाडी थांबवावी. चोळू नये. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा ठेवून धुवावा. रुमालाचे टोक, काडी, आणि आमच्याकडे अजूनही चालणारा जिभेने कण काढण्याचा प्रकार, हे काहीही नको. धुऊनही खुपत राहिले, उजेड सहन होईना, नजर अंधुक झाली, बुबुळावर पांढरे दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मधुमेह असेल तर दुखण्याची वाट पाहूच नये.

काहीजणांनी तर थोडा काळ दुचाकी टाळावीच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी सर्जनना विचारल्याशिवाय बसू नये. तोंड वाकडे झाल्याने ज्यांची पापणी पूर्ण मिटत नाही, त्यांचा डोळा वाऱ्यात अक्षरशः उघड्यावर असतो. त्यांच्यासाठी रिक्षाचे किंवा एसटीचे भाडे हा औषधाचाच खर्च समजावा.

गुरुजींनी स्कूटर नातवाला दिली. ॲलर्जीची गोळी मी बंद केली, पायांच्या आगीसाठी दुसरे औषध शोधले. डाव्या डोळ्यात ते वेळेवर थेंब टाकतात आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके निवडून वाचतात. ग्रंथालय सुटलेले नाही. नातवाच्या मागे, पूर्ण काचेचे हेल्मेट घालून, कडेवर पुस्तकाची पिशवी सांभाळत ते जातात. मला दोष दिला असता तर सोपे गेले असते. तो त्यांनी कधी दिला नाही.

गेल्या महिन्यात साखर तपासायला आले तेव्हा त्यांनी हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवले. मी काच उजेडात धरून पाहिली. ओरखडे पडले होते. नातवाला म्हणालो, "ही बदलून घे बरं, आजच." गुरुजींनी डावा डोळा बारीक करून खिडकीतून बाहेर, माझ्या मोटारसायकलीच्या आरशाला टांगलेल्या हेल्मेटकडे पाहिले.

"अन् ती तुमची?"

दोन काचा आणायला मग नातवाच्या हाती मी माझेही पैसे दिले.